तीस दिवसांची रजा

सई आणि निनाद,

गेल्या रविवारी तुम्ही फोनवर म्हणालात, "आजी, मार्चमध्ये आम्ही येतोय ना, तेव्हा सगळे अंदमानला जाऊ या. तूही चल." मी "नाही" म्हणाले आणि गॅसवर दूध आहे असं सांगून फोन ठेवला. गॅसवर दूध नव्हतं. नंतर सईने एक यादी पाठवली. कोणत्या दिवशी कोणतं बेट, कुठे जेवायचं, कुठे कासवं दिसतात, आणि शेवटच्या ओळीत 'आजीसाठी खिडकीजवळची सीट'. यादी अगदी नीट होती. तारखा डावीकडे, जागा उजवीकडे, शंका असेल तिथे प्रश्नचिन्ह. मी असते तर अशीच केली असती. खरं तर मी केली होती. म्हणून हे लिहायला बसले.

तुम्हाला मराठी वाचायला वेळ लागतो, मला माहीत आहे. दोन पानं झाली की तुम्ही बाबाला म्हणाल, वाचून दाखव. म्हणजे हे मिलिंदलाही कळेल. त्याला यातलं अर्धंच माहीत आहे. उरलेलं मी त्याला पन्नासएक वर्षांत सांगितलं नाही. आता कळू दे.

इथे सध्या हुरड्याचे दिवस आहेत. कोवळी ज्वारी शेणीच्या आरावर, निखाऱ्यांवर भाजायची, कणीस हातावर चोळायचं आणि गरम दाणे तोंडात टाकायचे. चाकणच्या रस्त्याला आता हुरड्याच्या पाट्या लागतात, माणशी तिकीट असतं, झोपाळे असतात, गाणी लावतात. सकाळी गार वारा सुटतो आणि दुपारी उन्हात बसवत नाही. हवेतला हा फरक मला कॅलेंडरच्या आधी कळतो. मग मी तारीख बघते. दरवर्षी याच पंधरवड्यात.

तुमचे आजोबा पिंपरीच्या एका कारखान्यात फाउंड्रीत होते. चार्जहँड, म्हणजे एका टोळीचे मुकादम. वितळलेलं लोखंड साच्यात ओतायचं, ते साचे वाळूचे असतात, आणि ती वाळू माणसाबरोबर घरी येते. कानात, भुवयांत, डब्याच्या झाकणात. मी पिंपरीच्या शाळेत इंग्रजी आणि भूगोल शिकवायची. आमची दोन खोल्यांची जागा होती, त्यात आम्ही दोघं, सहा वर्षांचा मिलिंद आणि माझ्या सासूबाई. सत्तरच्या दशकाची मधली वर्षं. कारखान्यांचे भोंगे सकाळी एकामागून एक वाजायचे आणि कोणता भोंगा कुणाचा हे मिलिंद अंथरुणातूनच सांगायचा.

बेटाची इच्छा त्यांची. यादी माझी.

त्यांनी समुद्र बघितलेला नव्हता. मीही नव्हता. पुण्याहून मुंबई काही तासांवर, पण ते म्हणायचे, "मुंबईचा समुद्र एका बाजूलाच असतो. मला चारी बाजूंनी पाहिजे." मी हसले होते. मग एकदा त्यांनी कारण सांगितलं. आम्ही बौद्ध. चाकणजवळच्या त्यांच्या गावात नदीवर वरच्या अंगाला गावाचा घाट आणि खालच्या अंगाला आमच्या वस्तीचं पाणी. गावाने धुतलेलं पाणी वाहत वाहत आमच्याकडे यायचं. ते म्हणाले, "बेटावर वरचं अंग कुठलं आणि खालचं कुठलं? सगळीकडून सारखंच पाणी. तिथं एकदा जाऊन उभं राहायचंय." एवढंच बोलले आणि डबा घेऊन शिफ्टला गेले. त्या दिवशी मी शाळेतून नकाशाचं मोठं पुस्तक घरी आणलं आणि अंदमान शोधलं. बंगालच्या उपसागरात मोहरीचे चार दाणे सांडल्यासारखं.

सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या ज्वारी निवडत होत्या. सूप तसंच हातात राहिलं.

"काळ्या पाण्यावर?"

"हो आई. फिरायला."

"आगं, चोर-दरोडेखोरांना धाडत्यात तिथं. तू मास्तरीण, तो कंपनीत. तुमी काय केलंय?"

ते आतून म्हणाले, "जन्मठेप नाही, आई. तीस दिवसांचीच शिक्षा आहे."

"हसतुयास व्हय? माणसं परत येत न्हाईत तिथनं."

"मग इथली खोली तुझ्या नावावर करून जातो."

चाळभर ही गोष्ट झाली. नळावर बायका मला विचारायच्या, "काय गायकवाडबाई, कधी नेणार मालकांना बेड्या घालून?" मी उत्तर द्यायची, "बेड्या शिवायला टाकल्यात, मिळाल्या की निघू." इतकी मी तेव्हा हसत असे. तुम्ही मला कधी तसं पाहिलं नाही.

आमच्या शाळेतल्या एका बाईंचे दीर नौदलात होते, त्यांनी पोर्ट ब्लेअरवरून चार पानी पत्र लिहून पाठवलं. त्यावरून मी एका जाड वहीत सगळं मांडलं. पहिला दिवस जेल, तिथे उन्हाच्या आधी जायचं. दुसरा दिवस रॉस बेट, होडीने. तिसऱ्या दिवशी लाकडाची मोठी गिरणी, कारण तुमच्या आजोबांना यंत्र बघितल्याशिवाय गाव बघितल्यासारखं वाटायचं नाही. मग एक अख्खा दिवस नुसता किनाऱ्यावर. त्या पानावर मी 'काही करायचं नाही' असं लिहून खाली रेघ मारली होती. त्यांना ती रेघ फार आवडली. "हे तू लिहिलंस? तू?" असं दोनदा विचारलं.

खाण्याची पानं वेगळी. समुद्र आमच्या घरी तोवर सुकूनच आलेला होता. पिंपरीच्या बाजारातलं सुकट, बोंबील, कधी खारा बांगडा. ताजा समुद्री मासा म्हणजे काय ते आम्हाला माहीत नव्हतं. त्या पत्रात लिहिलं होतं की तिथे खेकडे ताटाएवढे असतात, सुरमई हाताएवढी, आणि शहाळी रस्त्यावर ढिगाने पडलेली. अननसाचं नाव काढलं की मिलिंद ताट वाजवायचा. मी विचारलं, भाकरीशिवाय महिना कसा काढायचा? म्हणून वहीत ज्वारीचं पीठ सहा किलो, शेंगदाण्याची चटणी, लसूण असंही लिहिलं. त्यावर ते म्हणाले, "तिथं जाऊन भाकरीच खायची तर इथंच बसू की. मी भात खाईन, मासा खाईन, आणि काटा घशात अडकला तर तिथल्या डॉक्टरला भेटून येऊ, तेही एक बघणं झालं." तालीम म्हणून मी एका रविवारी पिंपरी कॅम्पातून नारळ आणून त्याचं दूध काढून बोंबलाचं कालवण केलं. फार वाईट झालं. सासूबाईंनी एक घास खाल्ला आणि ताट मिलिंदकडे सरकवलं. ते मात्र दोनदा वाढून घेऊन म्हणाले, "बेट असंच लागत असणार."

पण खरी अडचण रजेची होती. ती तुम्हाला नीट समजून घ्यावी लागेल, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. आगगाडीने मद्रास, तिथून जहाजाने चार दिवस, तिथे पुढचं परतीचं जहाज मिळेपर्यंत मुक्काम, परत चार दिवस, परत आगगाडी. काहीही केलं तरी तीस दिवस. मेमध्ये समुद्र खवळायला लागतो, तेव्हा त्याच्या आत परत यायला हवं. त्यांच्या आजारपणाची रजा पावसाळ्यातल्या मलेरियात संपलेली होती. जी साठवता येते ती रजा त्यांनी दोन वर्षं जपली. बहिणीच्या मुलीच्या लग्नाला ते शिफ्ट संपवून अक्षतांना पोचले आणि जेवून परत शिफ्टला गेले. दाढ ठणकत असताना गेले. मी स्वयंपाकघराच्या दाराच्या आतल्या बाजूला एक तक्ता लावला होता, त्यात तीस चौकोन. रजेचा एक दिवस जमला की एक चौकोन निळ्या पेन्सिलीने भरायचा. त्या जानेवारीत तिसावा चौकोन भरला. मार्चच्या जहाजासाठी रजेचा अर्जही मी इंग्रजीत लिहून ठेवला, फक्त तारीख घालायची बाकी. म्हणजे तीसच्या तीस होते. एकही जास्त नव्हता.

आता शिंदे. तुम्ही त्यांना भेटलात, पुनावळ्याला, लिफ्टमध्ये निनाद घाबरला होता तेव्हा. ते शिंदेआजोबा. ते त्याच विभागात दुसऱ्या शिफ्टचे चार्जहँड होते. पुनावळ्याचे शेतकरी, घरी ज्वारी, ऊस, म्हशी. कंपनीत येताना सायकलच्या हँडलला दुधाची किटली. मला ते वहिनी म्हणायचे आणि मी त्यांना भावजी.

बेटावर जायचं आणि पोहता येत नाही, यावर शिंद्यांनी फार चेष्टा केली. "गायकवाड, जहाज बुडालं तर काय करशील? रजेचा अर्ज देशील?" मग त्यांनीच जबाबदारी घेतली. कारखान्यांची सुट्टी गुरुवारी असायची. त्या डिसेंबर-जानेवारीत दर गुरुवारी सकाळी दोघे रावेतला पवनेवर जायचे. रॉकेलचा रिकामा डबा झाळून बंद केलेला, तो दोरीने पाठीला बांधायचा आणि पाण्यात पडायचं. गावातली चार-पाच वर्षांची मुलं अशी शिकतात. हे चौतीस वर्षांचे. एका गुरुवारी मी आणि मिलिंद बघायला गेलो. शिंदे त्यांना घेऊन सरळ वरच्या घाटावर उतरले. तिथे बैल धुणारा एक म्हातारा होता, तो आमच्याकडे बघून शिंद्यांना म्हणाला, "हितं का रं? खाली जागा न्हाई का?"

"पाणी काय तुझ्या बानं आणून वतलंय व्हय?" शिंदे म्हणाले, "बैल चालतोय आन् माणूस न्हाई?"

म्हातारा बैल घेऊन निघून गेला. तुमचे आजोबा कमरेएवढ्या पाण्यात उभे होते, पाठीला डबा, अंगावर काटा. मग त्यांनी दोन्ही हात पसरले आणि पाण्यावर आडवे झाले. डब्याने त्यांना धरलं. मिलिंद ओरडला, "बाबा बेट झाले!" ते हसताना पाणी प्यायले आणि खोकत उठले. मी काठावर टॉवेल घेऊन बसले होते. मिलिंद, तुला हे आठवत असेल तर मला कधीतरी सांग. तुला काय आठवतं हे मी कधी विचारलं नाही, कारण मग तूही विचारलं असतंस.

खोकला आधीपासून होता. फाउंड्रीतल्या सगळ्यांनाच असतो. जानेवारीच्या शेवटी तो वाढला आणि एका शनिवारी सकाळी त्यांना ताप भरला. अंग इतकं तापलं होतं की पांघरुणाबाहेर हात धरला तरी कळत होतं. मी कपाळावर पट्टी ठेवली आणि मग, खरं तेच लिहिते, दाराकडे बघितलं. तक्त्याकडे.

कंपनीत एक रीत होती. कुणाला अडचण आली तर समोरच्या शिफ्टचा जोडीदार त्याची पाळी करायचा, आणि नंतर तो त्याची. हजेरी लागते, रजा जात नाही. आम्ही याला बदली म्हणायचो. लेखी काही नसे, फोरमनला तोंडी सांगितलं की झालं. मी मिलिंदला शेजारी सोडून गेटवर गेले; शिंदे सकाळी तिथे दूध घालायला येत, त्यांना निरोप दिला. त्यांनी शनिवारी पहिली शिफ्ट केली, लगेच स्वतःची दुसरी केली, आणि रविवारीही तसंच. सोळा सोळा तास. दोन दिवस तुमचे आजोबा घरी झोपले. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, आठवडाभर विश्रांती सांगितली. रविवारी ताप उतरला. तक्त्यातले तीस चौकोन जसेच्या तसे होते आणि मला माझ्या हुशारीचं बरं वाटलं. हेही लिहिते.

रविवारी दुपारी, एक शिफ्ट संपून दुसरी सुरू व्हायच्या मधल्या अर्ध्या तासात, शिंदे घरी आले. डोळे लाल, शर्टाला घामाच्या मिठाच्या रेघा. मी चहा दिला. ते उंबऱ्यातच बसले.

"वहिनी, उद्या त्याला धाडू नका. आठवडाभर मी बघतो."

"नको भावजी. तुम्ही दोन दिवस केलेत. उद्या आणि परवा हे तुमच्या दोन पाळ्या करतील. म्हणजे बरोबरी झाली."

"आवो, आजारी माणूस हाय. फेड कुठं पळून चाललीय? बेटावरनं आल्यावर करू की. आन् न्हाई केली तर काय, मी काय वाण्याच्या गादीवर बसलोय का?"

"तुम्ही मनापासून म्हणताय, मला कळतं. पण आम्हाला कुणाचं फुकट नको."

त्यांनी कप उंबऱ्यावर ठेवला. त्यांना लागलं, ते मला दिसलं. 'कुणाचं' या शब्दात मी त्यांना कुणात बसवलं हे त्यांना कळलं आणि मलाही. मी मिशनच्या वसतिगृहात वाढले. तिथे परदेशातून दान आलेले फ्रॉक आम्हाला मिळायचे, कॉलरच्या आत दुसऱ्या मुलीचं नाव शिवलेलं असायचं. प्रत्येक फ्रॉकबद्दल रांगेत उभं राहून इंग्रजीत आभार मानावे लागत. माझं इंग्रजी त्या आभारांनी सुरू झालं. मोठी झाल्यावर कुणाचंच काही घेणार नाही असं मी ठरवलं होतं, आणि शिंद्यांसारखा माणूस उंबऱ्यात बसून जे देत होता ते मी त्या फ्रॉकच्या गठ्ठ्यात टाकलं.

आतून तुमच्या आजोबांनी आवाज दिला, "शिंदे, ती म्हणते ते बरोबर आहे. दोन दिवसांचं काय एवढं."

माझ्यासाठी ते तसं म्हणाले. त्यांना जायचं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी बूट घालताना एक बूट घालून ते थांबले आणि बराच वेळ दुसऱ्या बुटाकडे बघत राहिले. मी म्हणाले, "भोंगा होईल." त्यांनी दुसरा बूट घातला.

सोमवारी दोन शिफ्ट, मंगळवारी दोन शिफ्ट. भट्टीसमोर घाम आणि बाहेर आलं की जानेवारीचा वारा. मंगळवारचा दुसरा डबा मी शाळेतून येताना गेटवर नेऊन दिला. पहारेकऱ्याच्या खोलीपाशी ते घ्यायला आले. डबा घेताना म्हणाले, "झालं. उद्यापासून कुणाचं काही नाही." ओठ निळसर दिसत होते. मला वाटलं, गेटवरच्या हिरव्या पत्र्याचा उजेड असेल. बुधवारी पहिल्या शिफ्टला ते वाळूच्या ढिगाशेजारी खाली बसले ते उठलेच नाहीत. दूध घालायला आलेल्या शिंद्यांनी त्यांना टेम्पोत घालून दवाखान्यात नेलं आणि मग शाळेत मला न्यायला आले. वर्गात मी नद्या शिकवत होते.

छातीत पाणी झालं होतं. दोन्ही बाजूंनी. डॉक्टर म्हणाले, तीन-चार दिवस आधी झोपवलं असतं तर. वाक्य त्यांनी पूर्ण केलं नाही आणि मी विचारलं नाही.

रजेचा अर्ज तयार होताच. 'कारण' या ओळीवर रेघ मारून मी 'आजारपण' लिहिलं आणि त्या दिवसाची तारीख घातली. मंजूर झाला. साहेबांनी शिक्क्याखाली लवकर बरे व्हा असंही लिहिलं. मग रोज एक दिवस खर्च होऊ लागला, दोन वर्षांत जमवलेला. पहिल्या आठवड्यात ते बोलायचे. "मार्चचं जहाज चुकलं. एप्रिलचं बघ." मी वही नेली. त्यांच्या उशाशी बसून मी एप्रिलच्या तारखा घातल्या, उन्हाळा म्हणून जेलला अजून लवकर जायचं केलं, त्यांनी मान हलवली. शेजारच्या खाटेवरचा कुणी म्हातारा ऐकायचा आणि विचारायचा, "बाई, तिथं अननस खरंच फुकट मिळत्यात?" तुमचे आजोबा सांगायचे, "फुकट नाही घ्यायचं काका, आमच्यात." आणि माझ्याकडे बघून हसायचे. ते हसणं थट्टेचं होतं, त्यात एवढाही राग नव्हता. त्याचंच काय करायचं ते मला आजवर कळलेलं नाही. राग असता तर मी त्याच्यासमोर उभी राहिले असते.

दुसऱ्या आठवड्यात बोलणं कमी झालं. सासूबाई पायाशी बसून तळवे चोळायच्या. एकदा म्हणाल्या, "माझ्या सुदामाला काळ्या पाण्यानं हितंच गाठलं." मी बाहेर जाऊन जिन्यात उभी राहिले.

एकोणिसाव्या दिवशी सकाळी साडेसातला ते गेले. कारखान्यांत पहिली शिफ्ट लागून अर्धा तास झाला होता. तीसमधले अकरा दिवस वापरायचे राहिले.

मी यानंतरची वर्षं नीटनेटकी काढली. नोकरी केली, मिलिंदला शिकवलं, सासूबाईंचं केलं. लोक म्हणत, बाई खंबीर आहे. मी खंबीर नव्हते, सकाळी उठून काय करायचं ते फक्त आदल्या दिवशी लिहून ठेवत होते. सहलीला कधी गेले नाही. शाळेची सहल कोकणात गेली तेव्हा मी परीक्षेचं काम मागून घेतलं. समुद्र मी अजून बघितलेला नाही. हा नवस नाही आणि शिक्षाही नाही. मला तिथे बघण्यासारखं काही उरलेलं वाटत नाही, एवढंच.

आणि दरवर्षी या दिवसांत शिंदे हुरडा घेऊन यायचे. पहिल्या वर्षी आले तेव्हा पिशवी उंबऱ्यात ठेवून उभेच राहिले. म्हणाले, "वहिनी, पाण्यात मी घातला त्याला. थंडीचं. माझ्यामुळं झालं."

तेव्हा मला बोलायचं होतं. भावजी, तुम्ही हात दिला होता, मी तो झिडकारला. चार दिवस घरी राहिले असते तर ते जगले असते. एवढी दोनच वाक्यं. मी पिशवी उचलली आणि म्हणाले, "बसा, चहा टाकते."

'तुमच्यामुळे नाही' असं मी म्हटलं नाही. पुढच्या वर्षीही नाही, त्याच्या पुढच्याही नाही. त्यांना रविवारचं बोलणं आठवत होतंच, पण ते म्हणायचे, "मीच जोर करायला पायजे हुता, तुमचं ऐकायला नको हुतं." म्हणजे माझा वाटाही त्यांनीच उचलला. मी उचलू दिला. कुणाचं फुकट न घेणारी मी, चाळीसएक वर्षं त्या माणसाकडून हे घेत राहिले. तो चहा पिऊन गेल्यावर घर पुसताना मला हलकं वाटायचं, आणि त्या हलकेपणाची लाज वाटायची, आणि पुढच्या जानेवारीपर्यंत मी त्याबद्दल काही करायची नाही.

मग पुनावळ्यातल्या जमिनी गेल्या. ज्वारीच्या जागी खांब उभे राहिले, खांबांवर मजले. शिंदे स्वतःच्याच शेतावर बाराव्या मजल्यावर राहायला गेले. हुरडा मुलगा बाजारातून आणून द्यायला लागला. मी रावेतला आले. माझ्या खिडकीतून पवनेचं वळण दिसतं, घाटावर आता कुणी पोहत नाही, पाण्यावर जलपर्णी असते.

तुमचा फोन आला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी रिक्षाने पुनावळ्याला गेले. ठरवूनच गेले. सुनेने दार उघडलं, म्हणाली, "मामंजी बाल्कनीत आहेत, पण ओळखतील का सांगता येत नाही, काकू." ते उन्हात बसले होते, स्वेटर उलटा घातलेला. मला बघून उठायला लागले, ती रीत विसरले नव्हते. मी शेजारी बसले आणि सगळं सांगितलं. शनिवार, रविवार, उंबरा, चहा, माझं वाक्य. बदली, फेड, बुधवार. "भावजी, तुमच्याकडून काही झालं नाही. माझ्याकडून झालं. पाण्याने नाही झालं. मी तुम्हाला तसं वाटू दिलं." त्यांनी नीट ऐकलं. मधे मधे मान हलवली. माझं संपल्यावर म्हणाले, "लई वाईट झालं, बाई. चांगला माणूस हुता म्हणायचा." मग विचारलं, "तुमचे कोन हुते ते?"

मी सांगितलं, "मालक."

"आरारा," ते म्हणाले आणि सुनेला हाक मारली, "आगं, पाव्हण्यांना चहा टाक."

चहा पिऊन मी घरी आले.

तुम्ही जा. यादी चांगली आहे, फक्त जेल सकाळी ठेवा, दुपारी दगड तापतात असं त्या पत्रात होतं. मासा खा. एक दिवस काही न करता किनाऱ्यावर बसा. माझं तिकीट काढू नका. मिलिंद, तू हे वाचून दाखवत असशील तर इथवर आलास. तुला माझ्यावर रागवायचं असेल तर रागाव. मला तो हवा आहे.

शिंदे अजून आहेत, पण त्यांना गायकवाड आठवत नाहीत. तुझ्या बाबांना ओळखणारी फाउंड्रीतली बाकीची माणसं गेली. मी आहे आणि मला सगळं आठवतं.